कोळंबी झुरळाची कोण लागते? (दहावीच्या धड्यावरून घरात पेटलेला वाद)

भातुकली
रविवारची गोष्ट. किलोभर कोळंबी आणली होती आणि मी ओट्यापाशी सोलत होते. लेक दहावीला आहे. ती शेजारीच बसून 'प्राण्यांचे वर्गीकरण' हा धडा मोठ्याने घोकत होती, सासूबाई लसूण सोलत होत्या. मध्येच लेकीने परातीतली एक कोळंबी शेपटीला धरून उचलली, पाय मोजले आणि जाहीर केलं, "आजी, हा मासा नाहीच मुळी. हे झुरळाचं भावंड आहे. दोघंही संधिपाद."

सासूबाईंच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. साठ वर्षं कोळंबी खाल्लेली बाई त्या दिवशी वरण-भात-लोणच्यावर उठली. लेक म्हणते, मी पुस्तकातलंच सांगितलं. नवरा म्हणतो, पाण्यात राहतं आणि बाजारात मिळतं ते म्हावरं, विषय संपला. माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

तर जाणकारांनो, कोळंबी मासा नाही हे शाळेत मीही शिकले होते, पण थेट झुरळापर्यंत जायची गरज होती का? आणि मग मासा म्हणायचं तरी कशाला?

पोटोबा
नवऱ्याला +१. कोळंबी उरली असेल तर पत्ता कळवा, आम्हाला नात्यागोत्याचं काही वावडं नाही.

जुना फळा
भातुकलीताई, लेकीला शंभरपैकी नव्वद. दहा गुण 'भावंड' या शब्दाचे कापले, कारण कोळंबी आणि झुरळाचा सामाईक पूर्वज पन्नासएक कोटी वर्षांमागचा. भावंड नव्हे, पण एकाच वाड्यातली नक्की. अंगावर बाहेरून कवच, शरीराचे खंड, सांधे असलेले पाय, आणि वाढायचं तर कात टाकायची: ही संधिपाद संघाची खूण. चिंबोरी, शेवंड, जवळा, विंचू, गोम, पैसा, फुलपाखरू सगळी याच संघात.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. वर्गात फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी जे मुलांच्या डोक्यात जात नसे ते घरी ओट्यावर दोन मिनिटांत समजतं. पुढच्या वेळी कोळंबी आणाल तेव्हा बघा. काळा दोरा कुठून काढता? पाठीला चीर देऊन. तो दोरा म्हणजे तिचं आतडं, शेपटाच्या भागात ते पाठीकडून जातं. आता कोळंबी उलटी करा. पोटाच्या बाजूने, पायांच्या दोन रांगांमधून बारीक पांढरट दोरी जाते, ती चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा मुख्य जुडगा. आता बांगडा घ्या. त्याची आतडी कुठून काढता? पोट फाडून. आणि चेतारज्जू कुठे? वर, पाठीच्या मणक्यांतून. दोघांच्या शरीराचा नकाशाच उलटसुलट. विळीवर बसलेली बाई पाटीतला जिन्नस बदलला की चीर द्यायची बाजू बदलते, म्हणजे ती संघच बदलत असते. त्याला अपृष्ठवंशी आणि पृष्ठवंशी म्हणतात, हे फक्त तिला कोणी सांगितलेलं नसतं.

१८२२ मध्ये जॉफ्रुआ सँतिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने लॉबस्टर उलटा ठेवून म्हटलं होतं की असा पाहिला तर याची मांडणी आपल्यासारखीच आहे. तेव्हा त्याची पुष्कळ टिंगल झाली. १९९० च्या दशकात पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारी जनुकं सापडली, ती कीटकांत आणि पृष्ठवंशीयांत तीच निघाली, फक्त बाजू उलट. म्हातारा अगदीच चुकला नव्हता.

आणि झुरळाबद्दल. आमच्या वेळी कीटक एकीकडे आणि कवचधारी (कोळंबी, चिंबोरी वगैरे) दुसरीकडे, असे दोन वेगळे खण शिकवत. डीएनए तपासायला लागल्यावर कळलं की कीटक हे कवचधारींच्याच झाडाची एक फांदी आहेत. कोळंबीला कोळ्यापेक्षा झुरळ जवळचं. तेव्हा तुमची लेक जे बोलली ते पुस्तकाच्याही एक पाऊल पुढचं होतं.

वेसाव्याची
"कोळंबीला कोळ्यापेक्षा झुरळ जवळचं" 😄 सर, आमच्या सात पिढ्यांनी कोळंबी विकली, त्याचं हे फळ?

जुना फळा
क्षमा असावी! आठ पायांचा, जाळं विणणारा कोळी म्हणायचं होतं. दोन पायांचा, जाळं टाकणारा नव्हे.

वेसाव्याची
माफ केलं. पण आता आमची बाजूही ऐका. आमच्या आईच्या पाटीत वर्गीकरण असतंच की. पापलेट, सुरमई, हलवा, रावस एका बाजूला, ते तुकड्याचं. बोंबील वेगळा, कारण तो पाणी सोडतो आणि दुसऱ्या मासळीला खराब करतो. मांदेली, बारीक कोळंबी, करंदी वाट्याने. तिसऱ्या, खुबे, कालवं ही शिंपल्यांतली मंडळी टोपलीत, तीही जिवंत असतील तर. माकूळ (स्क्विड) सगळ्यात शेवटी, कारण शाई फुटली की सगळी पाटी काळी. मुशी (म्हणजे शार्क) आणि पाकट वेगळी, त्यांना काटा नाही, कुर्चा असते, आणि शिळी झाली की नाकाला लगेच कळतं. आईला विचारलं की मासा म्हणजे काय, तर ती म्हणेल, "किती दिलेस ते सांग."

हे चूक कसं म्हणायचं? विकायला, साफ करायला, टिकवायला हेच उपयोगी. तुमचे संघ-वर्ग बर्फात ठेवून मासळी ताजी राहत नाही.

जुना फळा
चूक कोण म्हणतंय? बाजाराचं वर्गीकरण 'याचं काय करायचं' या प्रश्नाचं उत्तर आहे. प्राणिशास्त्राचं वर्गीकरण 'हा कुणाच्या पोटी आला' याचं. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यावर. गंमत म्हणजे मुशीला काटा नाही, कुर्चा आहे, हे तुमच्या आईने जे पाहिलंय तेच आमच्या पुस्तकात 'कास्थिमत्स्य' म्हणून येतं. आणि माकूळ साफ करताना आतून प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक काहीतरी ओढून काढता ना? तो त्याच्या पूर्वजांच्या शिंपल्याचा अवशेष. माकूळ तिसऱ्यांच्या आणि गोगलगाईच्या संघातला, मृदुकाय. बाहेरचं घर त्याने आत घेतलं आणि झिजवत आणलं. त्याच्या जवळच्या नातेवाइकाची अशीच पांढरी, चुन्याची वडी किनाऱ्यावर वाहत येते आणि काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळते.

तळटीप
धागा छान चाललाय, पण एक खडा टाकतोच. वर्तमानपत्रात दर महिन्याला 'सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी असते. शाळेच्या पुस्तकाची उतरंड आठवा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. यात प्रजाती ही जातीच्या वरची पायरी. जुन्या मराठी विज्ञानलेखनात तिला 'वंश' म्हणत, आणि तो शब्द जास्त स्पष्ट होता. बातमीत म्हणायचं असतं 'नवी जाती', पण बहुधा 'जात' शब्द लिहायला हात धजत नाही, म्हणून 'प्र' लावतात. परिणामी पोरं परीक्षेत चुकतात आणि आपण बातमी चुकीची समजतो.

वाघ घ्या. पँथेरा ही त्याची प्रजाती, टायग्रिस ही जाती. सिंह पँथेरा लिओ, बिबट्या पँथेरा पार्डस. तिघांचं आडनाव एक, नाव वेगळं, आणि आडनाव आधी लिहायचं, शाळेच्या हजेरीपटासारखं.

शंकेखोर
पण हे सगळं दर दहा वर्षांनी बदलतं. आम्ही पाठ केलं ते आता चूक म्हणे. मग पोरांकडून कशाला घोकून घेता? ज्याने कोणी हे खण पाडले त्याने आधीच नीट पाडायचे होते.

तळटीप
ज्याने पाडले त्याचं नाव कार्ल लिनियस, स्वीडनचा. त्याच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १७३५ ची, अवघ्या काही मोठ्या पानांची. तिच्यात त्याने देवमासा माशांत टाकला होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यानेच तो उचलून सस्तन प्राण्यांत ठेवला. म्हणजे दुरुस्ती करणारा पहिला माणूस तोच. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी आजही १७५८ पासून धरतात, त्याआधीचं नाव ग्राह्य नाही.

आणि दुरुस्ती नावातच दिसते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. वाघाच्या नावापुढे (लिनियस, १७५८) असं कंसात लिहितात. कंस का? कारण लिनियसने त्याला फेलिस, म्हणजे मांजराच्या प्रजातीत घातलं होतं, पुढे तो पँथेरात गेला. बोंबील, हारपॅडॉन नेहेरियस (हॅमिल्टन, १८२२), तोही कंसातच. प्रजाती बदलली की मूळ नाव देणाऱ्याला कंसात बसवायचं, पण बाहेर काढायचं नाही. किती सभ्य पद्धत आहे!

पोटोबा
सरकारी फायलीत असे कंस असते तर किती बरं झालं असतं.

डोंगरवेडा
मासळीत सगळे बुडालेत, म्हणून जरा जमिनीवर येतो. मराठी नावं किती फसवतात बघा. देवमासा मासा नाही. तारामासा मासा नाही. खवले मांजर मांजर नाही, त्याचा गणच वेगळा. देवगांडूळ गांडूळ नाही, तो बेडकाच्या वर्गातला, पाय नसलेला उभयचर. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात दगडाखाली दिसतो आणि लोक गांडूळ किंवा सापाचं पिल्लू समजतात. पांढरी मुंगी, म्हणजे वाळवी, मुंगी नाही.

तरसाचीही एक गोष्ट. आमच्या ग्रुपमध्ये सगळे त्याला कुत्र्याच्या कुळातला म्हणतात, दिसतोही तसा. पण तो मांसाहारी गणाच्या मांजराकडच्या शाखेत येतो. त्याचे जवळचे नातेवाईक मुंगूस आणि उदमांजर. लांडगा, कोल्हा, खोकड, रानकुत्रा हे पलीकडच्या शाखेत.

शंकेखोर
वाळवी मुंगी नाही, मग कोण?

डोंगरवेडा
झुरळ.

शंकेखोर
😳

डोंगरवेडा
खरंच. पूर्वी वाळवीचा स्वतंत्र गण होता. जनुकीय अभ्यासात ती झुरळांच्या मधोमध आली, लाकूड खाणाऱ्या झुरळांच्या शेजारी. म्हणून तिचा गण मोडून तिला झुरळांच्या गणात घेतलं. घरात वारूळ करून, राणीभोवती संसार मांडून राहणारी झुरळंच ती.

पण लोकनाव दर वेळी चुकतंच असंही नाही. नीलगाय बघा. शहरी माणसं म्हणतात, "अहो, ती गाय नाही, हरीण आहे." शास्त्र म्हणतं ती गवा-म्हैस-गाय यांच्या उपकुलात बसते, काळवीटाच्या नाही. आपला चौशिंगाही तिच्याच जवळचा. ज्याने तिला पहिल्यांदा गाय म्हटलं त्याची नजर चांगली होती.

वेसाव्याची
हलव्याला लोक काळं पापलेट म्हणतात, तसं आहे का?

जुना फळा
हलवा पापलेटाचा नाही. पापलेटाचं कुल वेगळं, हलव्याचं वेगळं. दोघंही चपटे आणि गोल, म्हणून एका नावात आले. उलट बांगडा, सुरमई आणि कुपा (ट्यूना) तिन्ही एका कुलातले. पुढच्या वेळी तिघांची शेपटी बघा. शेपटीच्या अलीकडे, वर आणि खाली, छोट्या छोट्या सुट्या परांची रांग असते. बांगड्यावरही दिसते, सुरमईवरही. किंमत दहापट वेगळी असली तरी घराण्याची खूण लपत नाही.

तळटीप
पापलेटावरून आठवलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमासा केलं, शास्त्रीय नाव पँपस अर्जेंटियस. पण भारतीय किनाऱ्यावरचं पापलेट हे मुळात अर्जेंटियस नसून पँपस कँडिडस आहे, असं अलीकडच्या संशोधनात मांडलं गेलंय. हे नाव जुनंच होतं, एकोणिसाव्या शतकातलं, मध्यंतरी अर्जेंटियसमध्ये विरघळवून टाकलं होतं, आता पुन्हा वर काढलं. पाटीतला मासा तोच, भाव तोच, जन्मदाखला बदलला.

शंकेखोर
माझंच म्हणणं सिद्ध झालं. धन्यवाद.

जुना फळा
शंकेखोरपंत, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दोन जाती एक समजून मोजल्या तर एक संपत आली तरी दुसरीमुळे आकडा बरा दिसतो. पिल्लं कधी होतात, जाळ्याचं भोक किती ठेवायचं, कधी पकडायचं नाही, हे सगळं आधी 'हा नेमका कोण' हे ठरल्यावरच ठरतं.

परदेशी पाहुणा
कॅलिफोर्नियातून. इथे याहून भारी झालंय. २०२२ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की बंबलबी, म्हणजे गुबगुबीत, केसाळ माशी, कायद्यापुरती 'मासा' आहे. राज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्यात कीटकांचं नाव नव्हतं, पण 'मासा' या शब्दाच्या सरकारी व्याख्येत अपृष्ठवंशी प्राणीही घातले होते. बंबलबीला वाचवायचं तर तिला मासा म्हणणं हाच रस्ता होता, आणि न्यायाधीशांनी तो घेतला. ऑफिसातले सहकारी आठवडाभर हसत होते. बदामाच्या बागायतदारांची संघटना विरोधात होती, ती मात्र हसली नाही.

पोटोबा
मासा आणि माशी, मराठीत फक्त 'सा' आणि 'शी'चा फरक. न्यायाधीश मूळचे आपल्याकडचे असणार.

भातुकली
वाचतेय सगळं, ओट्यावर उलटसुलट करूनही पाहिलं. पण मूळ प्रश्न राहिलाच की. मासा म्हणजे काय?

जुना फळा
याचं उत्तर ऐकून सासूबाई चिडतील. घराण्याच्या हिशेबाने 'मासा' असा एक गट नाहीच.

घराणं म्हणायचं तर एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज आत हवेत, कुणाला वगळायचं नाही. आता सगळ्या माशांचा सामाईक पूर्वज शोधा. त्याच्या वंशजांत मुशी येते, पापलेट येतं, आणि बेडूक, पाल, कावळा, गाय आणि आपण, हेही येतो. कारण पाय असलेले सगळे पृष्ठवंशी मांसल परांच्या माशांतूनच निघाले. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ट्रॉलरच्या जाळ्यात सीलॅकँथ नावाचा असाच मांसल परांचा मासा सापडला. सात कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाला, असं सगळे धरून बसले होते. मार्जरी कोर्टने-लॅटिमर या तिथल्या संग्रहालयात काम करणाऱ्या बाईंनी मासळीच्या ढिगाऱ्यात तो वेगळा ओळखला, म्हणून त्याच्या प्रजातीचं नाव लॅटिमेरिया. त्या सीलॅकँथला पापलेटापेक्षा आपण जवळचे. आणखी जवळचं उदाहरण हवं तर, पापलेटाला मुशीपेक्षा आपण जवळचे.

याच न्यायाने सुसरीला घोरपडीपेक्षा कोंबडी जवळची. आणि देवमाशाला शार्कपेक्षा पाणघोडा जवळचा. त्या देवमाशाच्या पूर्वजांच्या जवळचा एक प्राणी, इंडोह्यूस, लहान हरणाएवढा, खुरांचा. त्याचे जीवाश्म जम्मूमधल्या कालाकोटला सापडले. त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड होतं, हे २००७ मध्ये लक्षात आलं. देवमाशाची चुलत आजी आपल्या डोंगरात खुरांवर चालत होती.

पुस्तकात मत्स्य वर्ग आहे, तो सोयीचा आहे, आणि बाजारात तर हवाच. पण त्याला घराणं समजू नये.

खडूची धूळ
दहावीला शिकवते, म्हणून एक कळकळीची सूचना. लेकीला सांगा, हे सगळं वाचावं, आवडीने सांगावं, पण बोर्डाच्या पेपरात कोळंबीपुढे संधिपाद, माकुळापुढे मृदुकाय, तारामाशापुढे कंटकचर्मी, मुशीपुढे मत्स्य असंच लिहावं. गेल्या वर्षी माझ्या एका हुशार मुलाने चाचणीत 'मत्स्य हा गट अस्तित्वात नाही' असं लिहून दोन गुण घालवले. मी मनातल्या मनात दिले, कागदावर देता आले नाहीत.

भातुकली
काल रात्रीचा वृत्तान्त.

लेकीने आजीला पापलेटाची गोष्ट सांगितली, म्हणजे पापलेटाला मुशीपेक्षा आपण जवळचे. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग विचारलं, "आणि बोकड?" लेक म्हणाली, "आजी, तो तर आपल्याच वर्गातला. सस्तन." "कोंबडी?" "पापलेटापेक्षा जवळची." सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे साठ वर्षं मी नातेवाईकच खात आले." लेक हसायला लागली तशी त्यांनी विचारलं, "आणि ही कोळंबी? तीही नातेवाईकच ना?" लेक म्हणाली, "आहे, पण या सगळ्यांत सगळ्यात लांबची."

"मग तीच वाढ," म्हणून त्यांनी ताट पुढे केलं. दोनदा कालवण घेतलं. काळा दोरा नीट काढलाय का, ते मात्र स्वतः बघितलं.

सर, येत्या रविवारी तिसऱ्या आणायचा विचार आहे. सासूबाईंनी विचारायला सांगितलंय, त्या किती लांबच्या?

जुना फळा
कोळंबीइतक्याच लांबच्या. आणा.